सुभेदाराचे ताट

‘कारभारी आणि धनी’ : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण गिलगाल येथे वृद्ध शमुवेलाच्या सभेत बसलो होतो. राज्याची सूत्रे नव्या राजाच्या हाती गेल्यावर त्या शुभ्रकेशी न्यायाधीशाने सर्व इस्राएलासमोर उभे राहून, आपण कोणाचा बैल नेला, कोणाचे गाढव लाटले, कोणाकडून लाच घेऊन डोळ्यांवर कातडे ओढले, हे ज्याला ठाऊक असेल त्याने येथेच सांगावे, असे आव्हान दिले आणि सभेने एकमुखाने त्याला निर्दोष ठरवले. त्या लेखांकाच्या शेवटी एक प्रश्न मी मुद्दाम तसाच ठेवला होता. शमुवेलाने दिलेला हिशेब हा न केलेल्या अपराधांचा हिशेब होता. जे नियमशास्त्राने निषिद्ध मानले ते आपण केले नाही, एवढे त्याने सिद्ध केले, आणि तेवढे सिद्ध करणे ही कोणत्याही काळी लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु जे निषिद्ध नाही, जे पदाबरोबर आपसूक चालत येते, ज्याची दप्तरात रीतसर नोंद आहे आणि जे घेतल्याबद्दल कोणीही बोट दाखवणार नाही, त्याचे काय करायचे? लाच नाकारणाऱ्याची परीक्षा एका क्षणात आटोपते, कारण समोरची वस्तू चोरीची आहे हे घेणारा आणि देणारा दोघेही जाणतात. हक्काच्या वस्तूपुढे मात्र विवेकाला जागे राहण्याचे काही कारणच उरत नाही, आणि पुष्कळ सज्जन कारभारी तेथेच झोपी जातात.

जुन्या करारात या प्रश्नाचे उत्तर देणारा एक पुरुष आहे, आणि तो ना संदेष्टा, ना याजक, ना राजा. तो पारसाच्या बादशहाचा नोकर होता.

हखल्याचा पुत्र नहेम्या हा शूशन येथील राजवाड्यात अर्तहशश्त राजाच्या पदरी होता. मराठी शास्त्रात त्याच्या हुद्द्याला ‘प्यालेबरदार’ असा मोठा समर्पक शब्द आहे. तो वाचून राजाला मद्य ओतून देणारा एखादा हुजऱ्या डोळ्यांपुढे येतो, पण पारसी दरबारात ही जागा केवढ्या भरवशाची होती हे समजण्यासाठी एवढेच आठवावे की, याच अर्तहशश्ताचा बाप अहश्वेरोश, ज्याला ग्रीक इतिहासकार झर्क्सिस म्हणतात, तो वीस वर्षांपूर्वी आपल्याच वाड्यात कटवाल्यांच्या हातून मारला गेला होता. ज्या घराण्यात बापाचा असा अंत झाला तेथे पुत्र ज्याच्या हातचा प्याला निःशंक ओठांना लावतो, तो नोकर सामान्य नसतो. शिवाय या दरबाराची भाषा आपणांस वाटते तितकी परकी नाही. नाशिक-जुन्नरच्या लेण्यांत नहपानाच्या नावामागे जो ‘क्षत्रप’ शब्द कोरलेला आहे, तो मूळ याच प्राचीन पारसी साम्राज्याच्या सुभेदारांचा किताब. आणि ‘फर्मान’ हा शब्द, ज्यावाचून आमचे पेशवाई दप्तर अडून बसले असते, त्याचे मूळही त्याच भाषेत आहे. तेव्हा या कथेतील अधिकाऱ्यांसाठी मी सुभेदार, जमाबंदी, परवाना असे शब्द योजले तर वाचकांनी तो केवळ लेखकाचा हौशीपणा समजू नये.

इसवी सनापूर्वी ४४५ चा सुमार. यरुशलेमेहून आलेल्या हनानी नावाच्या भावाकडून नहेम्याला समजले की, ज्या नगरातून आपले पूर्वज बंदिवान होऊन आले त्याचा तट अजून पडलेलाच आहे, वेशी जळालेल्या आहेत, आणि तेथे परतलेले लोक मोठ्या दुर्दशेत व अप्रतिष्ठेत दिवस कंठीत आहेत. ही वार्ता किस्लेव महिन्यात आली. राजापुढे तोंड उघडण्याची संधी नीसानात मिळाली. मधले चार महिने त्याने उपवास व प्रार्थना यांत घालवले, आणि त्या प्रार्थनेत पूर्वजांच्या पापांची कबुली देताना ‘मी आणि माझ्या बापाचे घराणे’ यांनाही आरोपींच्या रांगेत उभे केले. पहिल्याच अध्यायातील ही लहानशी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे. राजाने खिन्नतेचे कारण विचारल्यावर त्याने रजा मागितली, मुदत ठरवून दिली, नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावे परवाने मागून घेतले, आणि राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याच्यावर वेशींच्या लाकडांसाठी चिठ्ठीही लिहवून घेतली. चार महिने गुडघे टेकणाऱ्या या माणसाने तुळयांचा हिशेबही मनाशी करून ठेवला होता, हे पाहून मला नेहमीच आनंद होतो.

तटाची कथा प्रसिद्ध आहे, म्हणून ती मी चार वाक्यांत उरकतो. नगरात येऊन तीन दिवस तो गप्प राहिला; मग रात्री थोडी माणसे व एकच जनावर बरोबर घेऊन त्याने पडक्या तटाची फेरी केली, आणि एके ठिकाणी राडारोडा इतका होता की जनावराला पुढे जायला वाट मिळेना. त्यानंतर सोनारांपासून गांध्यांपर्यंत सर्वांनी आपापला टप्पा वाटून घेतला, पुष्कळांनी आपल्या घरासमोरचाच भाग घेतला, शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याच्या मुलीही कामावर आल्या, आणि तकोवा गावच्या प्रतिष्ठितांनी मात्र मान वाकवली नाही. हे सारे त्याने नावानिशी लिहून ठेवले आहे. शोमरोनाचा सनबल्लट आणि अम्मोनी तोबीया यांची टवाळी, एका हाताने काम आणि दुसऱ्या हातात हत्यार, बावन्न दिवसांत पूर्ण झालेला तट, हे सर्व आपण शब्बाथशाळेत चित्रांसह शिकलो आहोत.

आमच्या व्यासपीठांवरून हा तट इतक्या वेळा बांधला गेला आहे की, तिसऱ्या-चौथ्या अध्यायांतून सहाव्यात उडी मारण्याची एक वाटच पडून गेली आहे. मधला पाचवा अध्याय कोणी फारसा वाचत नाही. त्यात एकही दगड बसवलेला नाही. त्यात आहे तो कर्जाचा, व्याजाचा आणि भत्त्याचा व्यवहार, आणि असा व्यवहार उपदेशाला रुक्ष वाटतो. माझ्या मते नहेम्याच्या सर्व कार्याचा पाया या रुक्ष अध्यायात आहे.

प्रसंग असा की, तटाचे काम ऐन भरात असताना लोकांनी मोठा आक्रोश केला. या वेळी तक्रार सनबल्लटाविरुद्ध नव्हती, आपल्याच यहूदी बांधवांविरुद्ध होती. आणि स्त्रियाही त्या आक्रोशात सामील होत्या, ही नोंद ग्रंथकाराने आवर्जून केली आहे. कोणी म्हणत होते की आमच्या घरात खाणारी तोंडे पुष्कळ आहेत, आम्हांला धान्य हवे. कोणी म्हणत होते की दुष्काळात धान्य मिळावे म्हणून शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली. तिसऱ्यांची व्यथा सर्वांत खोल होती: राजाचा सारा भरण्यासाठी त्यांनी जमिनीवर कर्ज काढले होते, आणि आता पोटच्या मुलामुलींना दास्यत्वात लोटण्याची पाळी आली होती, काही मुली तर आधीच गेल्या होत्या, आणि त्यांना सोडवायचे कशाने, कारण शेत दुसऱ्याच्या ताब्यात. हेरोडोटसाने दारयावेशाच्या जमाबंदीची जी यादी दिली आहे तीत फेनिके, सुरियाचा पॅलेस्टाईन भाग आणि कुप्र मिळून होणाऱ्या सुभ्यावर ३५० तालांत चांदीचा आकार लिहिलेला आहे. पीक येवो वा न येवो, सरकारी देणे चुकत नव्हते. आणि कुणब्याच्या घरी चांदी कोठली? ती सावकाराच्या पेटीतून यायची.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन कर्जरोखे व गहाणखते जाळली, त्याच्या मुळाशी रोकड सारा, पडलेले भाव आणि वाढते व्याज ही त्रयीच होती. तेथे रोखे रयतेने जाळले. सरकारचा कायदा १८७९ साली आला. यरुशलेमेत जे घडले ते वेगळ्या रीतीने घडले, आणि त्याचे कारण एकाच माणसाच्या एका वाक्यात सापडते.

आक्रोश ऐकून नहेम्या अत्यंत संतापला. मग तो, ग्रंथात सांगितल्याप्रमाणे, आपल्याच मनाशी मसलतीला बसला. संताप आणि कृती यांच्यामध्ये त्याने ही जी जागा सोडली तीत काय चालले असेल, हे त्याने लिहिलेले नाही. पण त्यानंतर तो जे बोलला त्यावरून तर्क करता येतो. त्याने सरदारांना व अधिकाऱ्यांना प्रथम तोंडावर दोष दिला. नंतर मोठी सभा भरवली, आणि सभेत सांगितले की परराष्ट्रीयांना विकलेले आपले बांधव आम्ही यथाशक्ती सोडवून आणत आहोत आणि तुम्ही त्यांना पुन्हा विकता, म्हणजे आम्हीच त्यांना पुन्हा सोडवायचे! सभा निरुत्तर झाली. येथे एखादा चतुर पुढारी थांबला असता. प्रतिपक्ष निःशब्द आहे, गरिबांची सहानुभूती आपल्याकडे आहे, राजाचे फर्मान खिशात आहे. याहून अनुकूल क्षण कोणता? पण नहेम्या पुढे बोलला आणि आपणहून सांगितले की मी, माझे भाऊ आणि माझे चाकर यांनीही लोकांना पैसा व धान्य कर्जाऊ दिलेले आहे. हे आपण सर्वांनी आता सोडून देऊ या.

या वाक्यावर भाष्यकारांचा खल झालेला आहे. नहेम्याने व्याज घेतले की बिनव्याजी उसने दिले, तारण ठेवून घेतले की नाही, याबद्दल दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे, आणि त्याची कीर्ती निष्कलंक राहावी अशी ज्यांना फार काळजी ते दुसऱ्या बाजूचे आहेत. मला त्या वादात शिरण्याचे प्रयोजन वाटत नाही. व्याज असो वा नसो, त्याने आपले नाव धनकोंच्या यादीत स्वतःच्या तोंडाने, भर सभेत, कोणी विचारले नसताना घातले. शूशनच्या प्रार्थनेत ‘मी आणि माझ्या बापाचे घराणे’ असे म्हणणारा मनुष्य यरुशलेमेच्या सभेत ‘मी, माझे भाऊ आणि माझे चाकर’ असे म्हणतो आहे. एकांतात देवापुढे वापरलेले व्याकरण त्याने चव्हाट्यावरही बदलले नाही. आणि ‘माझे चाकर’ हे शब्दही विसरू नयेत. हाताखालच्या माणसाने आपल्या नावावर काय चालवले आहे ते मला ठाऊक नव्हते, ही सबब तेव्हाही उपलब्ध होती.

सरदारांना त्याने सांगितले की शेते, द्राक्षमळे, जैतूनबागा आणि घरे आजच परत करा, आणि पैसा, धान्य, द्राक्षारस व तेल यांवर घेतलेला शतांशही. हा शतांश पुष्कळ भाष्यकार दरमहाचा समजतात. आमच्या बोलीत सांगायचे तर दरमहा दरशेकडा एक, म्हणजे सालिना बारा. दर भारी होता की हलका हा प्रश्नच नव्हता. निर्गमात व लेवीयात अडलेल्या बांधवाकडून व्याज घेण्याची मुळातच मनाई आहे. सरदारांनी मान्य केले. पण सभेतील होकाराची किंमत तो जाणून असावा, कारण त्याने लगेच याजकांना बोलावून त्यांच्यासमक्ष शपथ घेवविली, आणि आपल्या वस्त्राचा ओचा झटकून दाखवला, की जो हे वचन पाळणार नाही त्याला देव असाच घरादारातून झटकून टाको. तो स्वतः त्याच व्यवहारात नसता तर ही शपथ म्हणजे हुकूम झाली असती. पण जो ओचा झटकला गेला तो त्याच्या स्वतःच्याच वस्त्राचा होता.

आता ताटाकडे वळू. याच ठिकाणी कथा थांबवून तो आपल्या बारा वर्षांच्या कारभाराचा एक हिशेब देतो. अर्तहशश्ताच्या विसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत तो यहूदा प्रांताचा सुभेदार होता, आणि या मुदतीत त्याने किंवा त्याच्या भाऊबंदांनी सुभेदाराचा अन्नभत्ता घेतला नाही. हा भत्ता लाच नव्हता, नजराणाही नव्हता. तो पदाचा रीतसर हक्क होता. त्याच्या आधीचे सुभेदार रयतेकडून भाकर व द्राक्षारस आणि वर ४० शेकेल चांदी वसूल करत. शेकेल म्हणजे जवळजवळ आपला एक तोळा. मोशेच्या नियमशास्त्रात कोणाच्या बैलाने दुसऱ्याच्या दासाला मारले तर त्या दासाच्या धन्याला ३० शेकेल भरपाई ठरवलेली आहे. म्हणजे सुभेदाराच्या थाळीवरची ही चांदीची चकती एका मनुष्याच्या किमतीहून जड होती. पूर्वीच्या सुभेदारांचे चाकरसुद्धा लोकांवर धनीपण गाजवत, असेही तो नमूद करतो. कोणत्याही कचेरीत गेलेल्या माणसाला हे वाक्य जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचे वाटणार नाही. साहेब बहुधा सौम्यच असतात. चटका बसतो तो दारावरच्या पट्टेवाल्याचा.

आणि तरीही त्याच्या पंक्तीला रोज १५० यहूदी व अधिकारी असत, शिवाय आसपासच्या राष्ट्रांतून येणारे पाहुणे वेगळे. रोजचा शिधा त्याने लिहून ठेवला आहे: एक बैल, सहा निवडक मेंढरे, पक्षी, आणि दर दहा दिवसांनी हरतऱ्हेचा द्राक्षारस. हा संन्याशाचा मठ नव्हता. सुभ्याच्या इतमामाला शोभेल असा जामानिमा त्याने राखला, पाहुण्याला उपाशी धाडले नाही. फक्त त्या खर्चाची वरात रयतेवर काढली नाही. त्याची कारणे त्याने दोन दिली: एक देवाचे भय, आणि दुसरे, लोकांवर आधीच काबाडकष्टांचा भार होता. पहिले कारण पुष्कळजण देतात. दुसऱ्यासाठी मात्र डोळे उघडे ठेवून तटाखाली उभे राहावे लागते, आणि तो तेथे होता. त्याचे सर्व चाकरही तेथेच कामावर होते.

यातच तो ओझरते सांगून जातो की आम्ही कोणतीही जमीन विकत घेतली नाही. या चार शब्दांवर मला वाटते एक स्वतंत्र उपदेश व्हावा. दुष्काळात शेते कवडीमोल झालेली, कुणबी विकायला उतावीळ, नगराला तट होणार आणि तट झाला की आतल्या-बाहेरच्या जागेचा भाव चढणार, हे सर्व ज्या एका माणसाला सर्वांआधी ठाऊक होते तोच सुभेदार होता. रस्ता कोठून जाणार, शाळा कोठे निघणार, कोणता माळ उद्या पेठ होणार, हे आधी कळणे हा अधिकाराचा असा एक भत्ता आहे की तो कोणत्याही दप्तरात लिहिलेला नसतो आणि त्याची चोरी कोणत्याही हिशेबतपासनिसाला सापडत नाही. त्या सौद्यात विकणाराही खुशीने विकतो. नहेम्याने तो भत्ताही घेतला नाही, आणि त्याचा गाजावाजाही केला नाही. तटावरच्या कामाची गोष्ट सांगता सांगता एक अर्धे वाक्य लिहून तो पुढे गेला.

ख्रिस्ती वाचकाला येथे मार्काच्या शुभवर्तमानातील ते संभाषण आठवेल, ज्यात याकोब व योहान उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात आणि प्रभू बारा जणांना जवळ बोलावून सांगतो की परराष्ट्रीयांचे सत्ताधीश लोकांवर धनीपण करतात, तुमच्यात तसे नसावे. नहेम्याने सुमारे साडेचारशे वर्षे आधी जवळपास तेच म्हटले होते, की पूर्वीच्यांनी तसे केले, मी केले नाही. एवढाच फरक, की सुभेदाराने भत्ता सोडला, आणि जो हे बाराजणांना सांगत होता त्याने त्याच वाक्याच्या शेवटी आपला प्राण खंडणी म्हणून मांडला.

आता एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे, आणि तो मी हलक्या हाताने करू शकत नाही, कारण तो प्रथम माझ्या मनात एका पंचसभेत बसलो असताना आला. मंडळीचे नाव सांगण्याचे कारण नाही. पाळकसाहेबांना घरभाडे परवडेनासे झाले होते. तीन मुले, तुटपुंजे वेतन, आणि तेही कधी दोन-दोन महिने थकलेले. वेतनवाढीचा अर्ज वाचला गेल्यावर एक सधन पंच उठले, त्यांनी पवित्र शास्त्र उघडले आणि नहेम्याचा पाचवा अध्याय मोठ्या भक्तिभावाने वाचून दाखवला. देवाच्या सेवकाने कसे असावे, पाहा. बारा वर्षे भत्ता घेतला नाही. अर्ज पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. पाळकसाहेब मान खाली घालून बसले होते. यरुशलेमेच्या सभेत सरदार जसे निरुत्तर झाले तसे आम्ही बाकीचेही निरुत्तर होतो, फरक एवढाच की त्या वेळी बोलण्यासारखे आमच्यापाशी पुष्कळ होते. मीही बोललो नाही.

नहेम्या श्रीमंत होता. रोज बैल कापण्याइतकी ऐपत असणाऱ्याने भत्ता सोडणे आणि रोजची भाजी उधार आणणाऱ्याने वेतन सोडणे या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत; आणि जो स्वतःचे काही सोडत नाही त्याने दुसऱ्याला सोडायला सांगणे यासाठी शास्त्रात आधार शोधणारा पाचवा अध्याय वाचून तेराव्याच्या आधीच पुस्तक मिटतो. कारण तेराव्यात काय आहे? बत्तिसाव्या वर्षी नहेम्या राजाकडे परत गेला आणि काही काळाने पुन्हा यरुशलेमेस आला, तेव्हा त्याला आढळले की लेव्यांचे ठरलेले वाटे कोणी दिलेलेच नाहीत. उपासना चालवणारे आणि गायन करणारे आपापल्या शेतांवर निघून गेले आहेत. आणि दशमांशाचे धान्य, तेल व द्राक्षारस ठेवण्याची मंदिरातील मोठी कोठडी एल्याशीब याजकाने रिकामी करून आपला सोयरा तोबीया याला राहायला दिली आहे. तोच तोबीया, जो बांधणाऱ्यांची टवाळी करत होता. नहेम्याने तोबीयाचे सामानसुमान बाहेर फेकले, कोठडी शुद्ध करवली, लेव्यांना शेतांवरून परत बोलावले, आणि अधिकाऱ्यांना जाब विचारला की देवाचे मंदिर असे का सोडून दिले. मग यहूदाने पुन्हा दशमांश आणून भरला.

स्वतःचा भत्ता सोडणारा हा माणूस दुसऱ्याच्या भत्त्याच्या बाबतीत एक पैही सोडायला तयार नव्हता. पौलाचेही तसेच. करिंथकरांना लिहिताना, सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी हा हक्क तो युक्तिवादावर युक्तिवाद रचून आधी प्रस्थापित करतो, आणि तो पुरता सिद्ध झाल्यावर म्हणतो की मी मात्र तो वापरला नाही. तंबू शिवून तो आपले पोट भरत असे. हा क्रम उलटा करून पाळकाच्या गळ्यात बांधण्याचा अधिकार पौलाने कोणत्याही पंचसभेला दिलेला नाही. सोडणे हे सोडणाऱ्याचे स्वतःचे असते.

कोठारांची व्यवस्था नहेम्याने कशी लावली हे पाहण्यासारखे आहे. शलेम्या याजक, सादोक लेखक, पदाया लेवी, आणि त्यांच्या हाताखाली हानान, अशा चौघांच्या ताब्यात त्याने ती दिली. एक याजकवर्गातला, एक कागदपत्रांतला जाणकार, एक ज्यांचे वाटे बुडाले होते त्या लेव्यांपैकी, आणि एक मदतनीस. ही माणसे विश्वासू गणली जात होती, असे कारण त्याने नोंदवले आहे. आणि विश्वासू असूनही किल्ली त्याने एकाच्या कमरेला लावली नाही. पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी मासेदोनिया व अखया येथून जी वर्गणी जमवली, तिच्या कामी तीतासह आणखी दोन बंधू पाठवले, आणि इतक्या मोठ्या रकमेबाबत आपल्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणून ही खबरदारी, असे मोकळेपणाने लिहिले. प्रेषिताला आपल्या सचोटीची खात्री नव्हती असे कोण म्हणेल? त्याला लोकांच्या डोळ्यांचाही मान राखायचा होता. आमच्याकडे ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न खजिनदाराने विचारला की सभा शरमते आणि वह्या मिटतात. माझा अनुभव असा आहे की, हा प्रश्न ज्याने कधी विचारला नाही त्याच्याच वह्या जुळलेल्या असतात.

स्वच्छ हिशेबाचा एक फायदा सहाव्या अध्यायात दिसतो. सनबल्लटाने ओनोच्या खोऱ्यात भेटीला चार वेळा बोलावले, चारही वेळा नहेम्याने कामाचे कारण सांगून नकार दिला. पाचव्या वेळी उघडे पत्र आले, म्हणजे वाटेत कोणीही वाचावे असे, आणि त्यात लिहिले होते की तू बंड करून राजा होऊ पाहतोस अशी बोलवा आहे. पारसी साम्राज्यात हा आरोप म्हणजे मृत्युदंडाची प्रस्तावना. नहेम्याचे उत्तर दोन वाक्यांचे आहे: तू म्हणतोस तसे काही नाही, आणि हे तू आपल्या मनाने रचले आहेस. खुलासे नाहीत, साक्षीदारांची यादी नाही, आपल्या त्यागाची आठवण नाही. ज्याने जमीन घेतलेली नाही त्याला राज्य घ्यायचे आहे हे लोकांना पटवणे सनबल्लटाला कठीण गेले असावे.

एवढे सगळे लिहिल्यावर नहेम्याचा सोनेरी पुतळा उभा करून मी रजा घेतली तर ते अप्रामाणिक ठरेल. यरुशलेमेवर अधिकारी नेमताना त्याने पहिले नाव आपल्याच भावाचे, हनानीचे, घातले. त्याच्या जोडीला हनन्या हा देवभीरू माणूस दिला, तरी आजच्या वाचकाच्या भुवया उंचावतातच. आणि त्याच तेराव्या अध्यायात, परजातीय स्त्रियांशी विवाह केलेल्या पुरुषांना त्याने शाप दिले, कित्येकांना मारले आणि त्यांचे केस उपटले, हे त्याने स्वतःच लिहिले आहे. पाचव्या अध्यायात संतापल्यावर जो मनाशी मसलतीला बसला तो येथे बसलेला दिसत नाही. बाराहून अधिक वर्षांपूर्वी आक्रोश करणाऱ्या स्त्रियांचे त्याने ऐकले होते. या दुसऱ्या प्रसंगी त्या घरांतील स्त्रियांचे काय झाले, याविषयी पानावर एक अक्षर नाही. ते मी सारवून नेऊ इच्छीत नाही.

हे सारे आपल्यापर्यंत आले ते त्याच्याच लेखणीतून, आणि त्या लेखणीची एक सवय आहे. भत्त्याचा तपशील संपला की तो थांबून देवाला म्हणतो की माझी आठवण ठेव. कोठारांची व्यवस्था लागली की पुन्हा तेच. शब्बाथासाठी नगराच्या वेशी बंद केल्या की पुन्हा तेच. आणि ग्रंथाचे शेवटचे शब्दही तेच. काहींना यात आत्मस्तुती दिसते, आणि तारुण्यात मलाही ती दिसत असे. आता तसे वाटत नाही. वही लिहिणारा कारकून प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज मांडून पान धन्याच्या सहीसाठी पुढे सरकवतो, तशी ती प्रार्थना आहे. बैल, सहा मेंढरे, १५० पाने, न घेतलेली ४० शेकेल चांदी, आणि उपटलेले केसही त्याच वहीत, खाडाखोड न करता.

पुढील लेखांकात करिंथ येथील वर्गणी : पौल, तीत आणि ते दोन बंधू.